दिव्यावर धरलेलं

सोमवार, ४

ही वही नातीनं दिली. वय अकरा. तिला सगळे टोचणी म्हणतात, कारण तोंड उघडलं की टोचतेच. म्हणाली, "आजी, तू दिवसभर जे बोलतेस ना, ते यात लिहीत जा. म्हणजे आम्हाला ऐकावं लागणार नाही." कार्टी माझ्यावरच गेली आहे, दुसरं काय.

मी तिसरी पास. चौथीत आठ दिवस बसले. मग मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर घरात दोन मतं होती. अक्षर लावता येतं, शिव्या पाठ आहेत. तेवढ्यावर एकतीस वर्षं एकाच ठिकाणी नोकरी झाली.

नोकरी अंडी उबवायच्या हॅचरीत. कपाटाएवढी उबेची यंत्रं आहेत, त्यांत एकवीस दिवस अंडी ठेवायची आणि पिल्लं काढायची. कोंबडीला यातलं काही करावं लागत नाही, ती अंडं घालून मोकळी. माझं काम मधलं. अंधारी खोली, टेबलावर पेटी, पेटीत दिवा, पेटीला एक गोल भोक. त्या भोकावर अंडं धरायचं, की उजेड आरपार येतो. लाल शिरांचं जाळं दिसलं, मधला काळा ठिपका हलला, तर जिवंत. डावीकडच्या ट्रेत. नुसताच पिवळा उजेड आला, आत कोणी नाही, तर वांझ. उजवीकडे. रक्ताचं कडं धरून बसलंय, ते मेलेलं. खाली बादलीत. दुसऱ्याला शिंकायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझं एक अंडं होतं.

शेजारी उचकी बसते. तिला आईबापांनी नाव ठेवलंय, पण ती उचक्याच इतक्या देते की ते नाव कोणाला आठवत नाही. चार महिन्यांपासून तर फारच वाढल्यात. आणि कधी? मी एखादं अंडं ट्रेत ठेवायला हात पुढे केला, की नेमकी तेव्हाच. हिनं उचकी दिली की माझा हात अडतो, मी अंडं पुन्हा बघते, आणि बरेचदा दुसऱ्या ट्रेत ठेवते. पाणी पी म्हटलं तर नुसती हसते.

या वहीच्या रेघा फार फिक्या छापल्यात. हल्ली कशातच जीव ओतून काम करत नाहीत.

बुधवार, ६

टोचणीला शाळेत सजीव आणि निर्जीव लागलंय. सात खुणा शिकवल्या. हलतं, श्वास घेतं, खातं, घाण टाकतं, वाढतं, आपल्यासारखं दुसरं काढतं, आणि टोचलं तर त्याला कळतं. घरातल्या वस्तू घेऊन तक्ता करून आणायला सांगितलाय. सात रकाने. खूण बरोबरची किंवा फुलीची.

आधी गॅसची ज्योत घेतली. हलते. हवा लागते. गॅस खाते. धूर टाकते. मोठी होते. तिच्यावरून दुसरी पेटवता येते. टोचलं तर कळतं का, ते बघायला टोचणी पेन्सिल घेऊन निघाली, तेव्हा मी तिच्या पाठीत एक घातला. सातांत सहा. टोचणी म्हणाली, "आजी, म्हणजे ज्योत जिवंत?" मी म्हटलं, "तुझ्या बाईंना विचार. माझ्या पगारात ते बसत नाही."

मग आजोबांना घेतलं.

आमचा म्हातारा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच उंच इमारतींत दोरांना लोंबकळत चाळीस वर्षं काढली. दीड वर्षापूर्वी घरी बसला, तो बसलाच. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत तो. काही विचारलं तर "हं." नाही विचारलं तरी तेच. टोचणीनं तक्ता भरला, मी साक्षीदार.

हलतो: अर्धी खूण. श्वास घेतो: घोरण्यावरून हो. खातो: हो, आणि काय खाल्लं ते सांगता येत नाही. घाण: हो, वाद नाही. वाढतो: पोटाकडून. आपल्यासारखं दुसरं: एकदा काढलं होतं, पुरावा बायको-पोरीसह खालच्या मजल्यावर राहतो. टोचलं तर कळतं: टोचणीनं त्याच्या दंडाला पेन्सिलीचं टोक लावलं. त्यानं दंड बाजूला घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

"फुली," मी म्हटलं.

"पण आजी, हात तर काढला."

"दारही ढकललं की बाजूला होतं. फुली."

म्हातारा ऐकत होता. "हं" म्हणाला.

शनिवार, ९

हॅचरीत एक यंत्र आलंय. डब्याएवढं. त्यात अंडं ठेवलं की आतल्या पिल्लाचं काळीज मोजतं आणि आकडा दाखवतं. शून्य आला की मेलं. धाकट्या मालकानं आणलं. याला मी अर्ध्या चड्डीत हॅचरीत पिल्लांमागे धावताना बघितलंय, एकदा त्यानं एक पिल्लू खिशात घालून शाळेत नेलं होतं. आता वडील घरी बसलेत आणि हा सगळ्यांना विज्ञान सांगतो.

"मावशी, तुमच्या डोळ्यावर शंका नाही," म्हणाला. म्हणजे शंका आहे. "पण मागच्या दोन खेपांना मेलेली अंडी ट्रेत फार राहिली. सडून फुटली, सगळं यंत्र घाण झालं."

"दिव्याचा बल्ब बदला. धूर धरल्यासारखा उजेड पडतो. प्रत्येक अंड्याभोवती कडं दिसतं."

उचकीनं मान खाली घातली. धाकटा म्हणाला, "बल्ब गेल्याच महिन्यात बदललाय."

शेवटी ठरलं ते असं. दोन तारखेला ठेवलेली अंडी अठरा तारखेला सोळा दिवसांची होतील. त्यांतला एक ट्रे, नव्वद अंडी, आधी मी दिव्यावर बघायची, मग तो यंत्रात. मी मेलेलं म्हणीन त्यावर पेन्सिलनं फुली, त्याचे आकडे त्याच्या वहीत. बाहेर काही टाकायचं नाही. पिल्लं निघतील तेव्हा कळेल कोण बरोबर. मी चुकले तर दिवा बंद.

"म्हणजे काय, मावशी, तुम्ही घरी आराम करा. खूप केलंत."

आराम! घरी एक आराम आधीच खुर्चीत बसलाय. समोर दुसरी खुर्ची टाकून आम्ही दोघांनी काय एकमेकांना टोचून बघायचं?

रविवार, १०

निर्जीव माणसाला आज अचानक रंगाची हौस आली. सकाळी उठून बघते तर म्हातारा जिन्यावर गुडघे टेकून बसलाय, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरा पट्टा ओढतोय. मी म्हटलं, "अहो, हे काय? विमान उतरवायचंय का इथे?" तर "हं."

मग स्वयंपाकघरातला दिवा काढून केवढा तरी मोठा लावला. डोळे दिपतात. मिठाच्या डब्याला सुतळी गुंडाळली. परवा चहात मीठ पडलं होतं, ते दोन्ही डब्यांची झाकणं सारखी असल्यामुळे. त्याचा एवढा बोभाटा करायची गरज नव्हती. चहा त्यानं पूर्ण प्यायला, काही बोलला नाही. यावरूनच कळतं, सातवा रकाना फुलीच.

गुरुवार, १४

हॅचरीत पाऊल टाकलं की आधी यंत्रांची घरघर कानावर येते. आज आली नाही. फाटकातूनच मी धावत सुटले.

काल संध्याकाळी वीज गेली होती. जनरेटर आपोआप सुरू व्हायला हवा, तर त्याची बॅटरी उतरलेली. काळीज मोजायचं यंत्र आणायला सुचतं, जनरेटरला बॅटरी घालायला सुचत नाही. कोणाच्या लक्षात येईपर्यंत दहा तास गेले. दोन तारखेची सगळी अंडी, बारा दिवसांची, वीस ट्रे, थंडगार. मुलांच्या गोट्यांसारखी लागत होती हाताला.

धाकट्यानं तीन ट्रे काळीज मोजायच्या यंत्रातून काढले. दोनशे सत्तरांत अठरा अंड्यांना आकडा आला. बाकी सगळीकडे शून्य. मागच्या अंगणात खड्डा खणायला माणूस लावला होता. मी फावड्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मावशी, शून्य. शून्य म्हणजे काय ते कळतं ना?"

"कळतं. गणितात तुम्हाला मिळायचा तो."

उचकी फिसकन हसली आणि मग उगाच एक उचकी दिली.

"गारठलीत ती," मी म्हटलं. "गारठलेलं आणि मेलेलं यांत फरक असतो. थंडीत तुमच्या वडिलांना पहाटे उठवलंयत कधी? ते बोलतात का? म्हणून लगेच खड्डा खणता?"

"यंत्र खोटं बोलत नाही."

"खोटं नाही बोलत. त्याला विचारायची घाई तुम्ही केलीत. ऊब द्या, चार दिवस थांबा, मग विचारा."

"आणि सगळी सडली तर? चालू यंत्रात हा कचरा ठेवू?"

"मागच्या खोलीतल्या जुन्या यंत्रात ठेवा. ऊब अजून धरतं ते. फुटली तर मी पुसेन. जिभेनं पुसायला सांगितलंत तरी पुसेन."

त्यानं फावडेवाल्याला हातानं थांबवलं. मग म्हणाला, "त्यातल्या ट्रे हलवणाऱ्या मोटरचा जीव गेलाय. अंडी दिवसातून पाच-सहा वेळा कलती करावी लागतात, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं. कोण करणार?"

"मी."

"वीस ट्रे?"

"मी म्हटलं ना."

आत्ता लिहिताना माझे खांदे म्हणतायत, तुला कोणी सांगितलं होतं.

शुक्रवार, १५

कोणी सांगितलं होतं, ते लिहून ठेवते. कोणाला सांगायचं नाही म्हणूनच वही असते.

नोकरीचं पाचवं वर्ष. अशीच वीज गेली होती. अंडी वीस दिवसांची, उद्या-परवा पिल्लं निघणार अशी. थोरल्या मालकांनी विचारलं, "बघ गं, काही हलतंय का?" मी दिव्यावर धरली. एकही हललं नाही. मी म्हटलं, मेलीत. माझ्या डोळ्यांचं तेव्हा मोठं नाव होतं. कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. सगळी खड्ड्यात ओतली. वर माती ओढायला माणूस जेवून येणार होता.

दुपारी ऊन पडलं. भर उन्हात खड्डा तापला. मी हात धुवायला मागे गेले तर आवाज आला. चिवचिव. खड्ड्यातून.

बादली घेऊन उतरले. वरच्या थरातली चाळीसेक निघाली. खालची फुटून गेली होती. खाली अजून आवाज येत होता का, ते मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकू आलं नाही असं नव्हे.

तर 'मेलंय' हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरते. घरातल्या म्हाताऱ्यालासुद्धा अजून निर्जीवच म्हणते, त्यापुढे जात नाही.

आज पाच वेळा वीस ट्रे कलते केले. हाताला घट्टे पडलेत. घरी येऊन म्हाताऱ्याला सगळं सांगितलं, ऐकणारं कोणी नसलं तरी तोंड वाजतंच. तो म्हणाला, "हं." पण या वेळी खिडकीकडे बघत नव्हता.

शनिवार, १६

सकाळी हॅचरीत गेले तर मागच्या खोलीत कोणीतरी पडलेलं. दोन पाय यंत्राच्या बाहेर. चपला ओळखीच्या. आमचा!

माझ्या आधी निघाला कधी, मला पत्ता नाही. अंगात जुना निळा डगला, लिफ्टवर जाताना घालायचा तो. बाजूला दोर, दोन कप्प्या, एक वजनाचा लोखंडी ठोकळा. वीसही ट्रेंच्या कडा एका दांडीला बांधल्या होत्या. दोर वरून फिरवून बाहेर आणलेला. मला बोटानं खूण केली: ओढ.

ओढला. वीस ट्रे एकदम कलले, हळूच, लिफ्ट मजल्यावर टेकावी तसे. एका हाताचं काम. मी दहादा ओढला, लहान मुलासारखा.

धाकटा बघायला आला. "आजोबा, हे फारच भारी!" म्हाताऱ्यानं कपाळावरचा घाम पुसला. "वंगण घाला," म्हणाला. दोन शब्द! सकाळी दहाच्या आत! मी उचकीला म्हटलं, "बघ, यांना बोलता येतं." तिनं म्हाताऱ्याकडे बघितलं, म्हाताऱ्यानं तिच्याकडे, आणि दोघांनीही लगेच मान फिरवली. जुनी ओळख असल्यासारखी. कुठली ओळख? तो हॅचरीत वर्षानुवर्षं आलेला नाही.

या वयात मत्सर करायला माझ्याकडे वेळ नाही, पण नोंद करून ठेवली.

सोमवार, १८

आज ट्रे.

धाकट्यानं सकाळीच उचकीला पिल्लांच्या खोक्यांकडे पाठवलं. म्हणाला, "मावशी एकट्या बघू देत, म्हणजे निकाल स्वच्छ." ती जाताना माझ्याकडे अशी बघून गेली, जसं मलाच कोणीतरी बादलीत टाकतंय.

बसले. पहिलं अंडं धरलं. सोळाव्या दिवशी पिल्लू मोठं झालेलं असतं, अंडं बहुतेक काळंच दिसतं, कडेला शिरा दिसायला हव्यात आणि आतली सावली सरकायला हवी. मला काय दिसलं? धुकं. दुसरं धरलं. धुकं. भोकाभोवती उजेडाची फुलं उमललेली, मध्ये करडं काहीतरी. डोळे चोळले. प्रकार तोच.

खोलीत इतकी शांतता होती. मग कळलं, काय नाहीये ते. उचकी नाहीये. मी हात पुढे करायचे, थांबायचे, आणि वाट बघायचे. कशाची? आवाज आला नाही की माझा हात आपला तसाच पुढे जायचा.

नव्वदांतल्या एकतीस अंड्यांवर फुल्या मारल्या. एखादं हाताला हलकं वाटलं म्हणून, एखादं गार वाटलं म्हणून, आणि काही, खरंच लिहिते, फक्त एवढ्यासाठी की सगळीच जिवंत म्हटलं असतं तर धाकटा हसला असता.

मग त्यानं यंत्र लावलं. या वेळी शून्य फार आले नाहीत. बावीस. त्यानंच मान्य केलं, "मावशी, थांबायला सांगितलंत ते बरोबर होतं. जिवंत आहेत." माझ्या छातीवरून मोठा दगड उतरला, आणि एक लहान दगड तिथेच राहिला. माझी एकतीस, त्याची बावीस. मधली नऊ कोणाची?

बुधवार, २०

अठरावा दिवस. अंडी कलती करायचं संपलं, पिल्लं काढायच्या टोपल्यांत गेली. म्हाताऱ्याला सांगितलं, आता दोर ओढायला नको. तरी तो आला. यंत्राच्या बाजूला स्टूल टाकून बसला. खुर्ची बदलली, एवढाच फरक. पण इथे बसलेला बरा दिसतो.

टोचणीनं तक्ता बाईंना दाखवला. बाईंनी आजोबांच्या ओळीखाली लाल शाईत लिहिलंय: "पुन्हा निरीक्षण करा." बाईंना काय जातंय सांगायला.

शनिवार, २३

एकवीस दिवस झाले. काही नाही. एका कवचाला तडा नाही. टोपल्यांवर कान लावून बसले. दगडाचा ढीग.

धाकटा तीनदा आला, तीनदा गेला. फावडं मात्र भिंतीला टेकवून ठेवलेलं दिसलं. मला न दिसण्याएवढं बारीक नाही ते.

घरी येऊन जिन्यावर बसले. पांढऱ्या पट्ट्यावर. पट्टे दिसतात. पायऱ्या दिसत नाहीत. हे आजच लक्षात आलं.

वही उघडली तर मागची पानं वाचता येत नाहीत. माझं अक्षर पानागणिक मोठं होत गेलंय. आज एका ओळीत तीन शब्द बसतायत.

रविवार, २४

बाविसाव्या दिवशी. गारठली होती म्हणून एक दिवस उशीर.

सकाळी खोलीच्या दाराशीच आवाज. मी तिथेच थांबले. तो आवाज मला सव्वीस वर्षांपूर्वी खड्ड्यातून आला होता. म्हातारा मागून आला, माझ्या कोपराला धरून मला आत नेलं. ओलसर, चिकट, कुरूप पिल्लं. नुकतं जन्मलेलं काहीच सुंदर नसतं, लोक उगाच म्हणतात. वीस ट्रेंतली जवळजवळ दोन तृतीयांश निघाली. धाकटा टोपल्यांवर वाकून वेड्यासारखा हसत होता. फावडं कोणीतरी नेऊन ठेवलं होतं.

मग आपला ट्रे. त्याची टोपली वेगळी ठेवली होती. यंत्रानं मेली म्हटलेल्या बावीसांतून एक पिल्लू निघालं. माझ्या एकतीस फुल्यांतून दहा.

फुलीसकट अर्धं कवच डोक्यावर घेऊन एक पिल्लू टोपलीत हिंडत होतं. माझीच फुली, माझ्या हातची, दोन रेघा, टोपीसारखी. धाकट्यानं बघितलं, उचकीनं बघितलं. मीच म्हटलं, "हरले. दिवा तुमचा."

"मावशी, पण तुम्ही नसतात तर ही सगळीच खड्ड्यात…"

"ते वेगळं. थांबा म्हणायला डोळे लागत नाहीत. दिव्याला लागतात. आज खड्डा असता तर ही दहा त्यात गेली असती, माझ्या हातानं. दुसऱ्यांदा." एवढं बोलून मी बाहेर आले.

उचकी मागे आली. मी तिला धरलं. "किती दिवस?"

"काय किती दिवस, मावशी?"

"त्या उचक्या. मला काय बावळट समजतेस? आज सकाळपासून तुला एकही लागली नाही."

तिनं पायानं माती उकरली. "चार महिने."

"आणि तुला कसं कळलं मला दिसत नाही? मला माहीत नव्हतं, तुला कसं कळलं?"

"आजोबा आले होते. फाटकाशी. म्हणाले, तिच्या डोळ्यांवर जाळी आलीय. ती मानणार नाही. डॉक्टरचं नाव काढलं तर भांडेल. तू तिच्या शेजारी बसतेस ना? तिची चूक होऊ देऊ नकोस. पण तिला कळू देऊ नकोस. एका चुकीचा तिला अजून त्रास होतो."

मी म्हटलं, "एवढं सगळं बोलला?"

"हो."

"वाक्यं?"

"वाक्यं. पाच-सहा."

दीड वर्ष मी त्या माणसाकडून एक वाक्य काढायला धडपडतेय, आणि त्याची सगळी वाक्यं हिच्यापाशी पडून होती. तो खड्डाही त्याला माहीत होता. मी तर कधी सांगितलं नव्हतं. मग आठवलं, त्या दिवशी घरी गेले तेव्हा माझ्या नखांत माती होती, आणि त्यानं ती न विचारता काढली होती, लिफ्टच्या बारीक पेचकसानं.

संध्याकाळी म्हाताऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मी आंधळी होतेय हे मला सोडून सगळ्या गावाला सांगितलंत?"

"हं," म्हणाला.

मी म्हटलं, "उद्या डॉक्टरकडे नेता का?"

तो उठून चपला घालायला लागला. "अहो, उद्या," मी म्हटलं. तरी घालूनच बसला.

बुधवार, २७

हे टोचणी लिहितेय, मी सांगतेय. मध्ये मध्ये ती शुद्धलेखन घुसडेल, ते माझं नाही.

डोळ्यांची डॉक्टरीण. तिची वेळ आजची मिळाली. अंधारी खोली, टेबलावर पेटी, पेटीतून उजेड. म्हणाली, "हनुवटी इथे ठेवा, कपाळ टेकवा, हलू नका." मी ओळखलंच. एकतीस वर्षं पेटीच्या या बाजूला बसले, आज त्या बाजूला. मला दिव्यावर धरलं होतं.

तिला जरा जास्तच वेळ लागला. मी असते तर एवढ्यात एक ट्रे संपवला असता.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आजी. चांगलाच वाढलाय. इतके दिवस काम कसं केलंत?"

"उचक्यांवर."

तिला कळलं नाही. मी विचारलं, "डावीकडे, उजवीकडे, की बादलीत?"

तेही कळलं नाही. म्हणाली, "मागचा पडदा चांगला आहे. शस्त्रक्रिया केली की दिसेल. पुढच्या आठवड्यात एक डोळा, नंतर दुसरा. बाकी तब्येत कशी आहे? बघावी लागेल."

मागे स्टुलावर म्हातारा बसला होता, दोन्ही हातांत माझी पिशवी धरून. त्यानं घसा खाकरला.

"बाकी काही बघू नका," म्हणाला. "जीभ उत्तम चालते. तिच्यावरूनच मी रोज खात्री करून घेतो."

डॉक्टरीण हसली. मी वळून बघितलं. धुक्यात बसलेला करडा ठिपका. हलत होता. हसत होता बहुतेक.

येताना हॅचरीवरून आलो. धाकटा म्हणाला, डोळा झाला की या, यंत्राला कधी थांबायचं ते कळत नाही, ते सांगायला माणूस हवंय. मी म्हटलं बघू. दिवा उचकीकडे आहे. उचक्या पार थांबल्यात, आणि आता तिला करमत नाही म्हणे.

घरी आल्यावर टोचणीला तक्ता काढायला लावला. आजोबांची ओळ. सातवा रकाना. फुली खोड म्हटलं, बरोबरची खूण कर.

"पेनानं?"

"पेन्सिलनं," मी म्हटलं. "खोडता आली पाहिजे. उद्या पुन्हा 'हं' म्हणाला तर?"

खुर्चीतून आवाज आला.

"हं."